किमतीचे टप्पे समोरच्या मालावरून पाडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काजूगर, मानकुराद आंबे, कोकमाची सोलां, माटोळीचे (चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे) सामान, होमस्टेच्या खोल्या, भाड्याच्या दुचाक्या हे सारे आता गोव्यात मोबाइलवर शोधले जाते. त्यासाठी इथल्याच माणसांनी उभारलेली छोटी संकेतस्थळेही आहेत. शोधाचे निकाल दिसतात तिथे किमतीचा फिल्टर, म्हणजे ठरावीक किमतीतलाच माल दाखवणारी चाळणी, असतो. त्याच्याकडे बांधणाऱ्याचे लक्ष नसते आणि बांधून घेणाऱ्याचेही नसते, म्हणून हे पत्र. त्यात आकडेमोड आहे, पण ज्याचा धंदा या फिल्टरवर चालतो त्याला ती अवघड जाणार नाही.

दोष असा आहे. फिल्टरमधले टप्पे आधीच लिहून ठेवलेले असतात: ५,००० पर्यंत, ५,००० ते १०,०००, १०,००० ते २५,००० आणि त्याच्या वर. फोन आणि टीव्ही विकणाऱ्या दुकानासाठी केलेल्या तयार साच्यातून हे आकडे जसेच्या तसे आलेले असतात. अशा ठिकाणी काजूगर शोधले की जवळजवळ सगळी पाकिटे पहिल्या टप्प्यात जातात आणि बाकीचे रिकामे राहतात. फिल्टर दिसतो, दाबताही येतो, पण निवड करायला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. खोल्यांच्या बाबतीत नुकसान आणखी मोठे. सांगे किंवा काणकोणातल्या एखाद्या घरात दीड हजाराने मिळणारी खोली ‘५,००० पर्यंत’ या एकाच ढिगात शंभर खोल्यांखाली गाडली जाते. स्वस्त खोली हवी असलेल्याला ती सापडत नाही आणि घरवाल्याला वाटते, आपल्याकडे कोणी फिरकतच नाही.

टप्पे निकालांवरूनच आणि शोधाच्या त्या क्षणी पाडले पाहिजेत. हे कसे करायचे ते एका छोट्या उदाहरणावर दाखवतो. समजा, काजूगर शोधल्यावर बारा वस्तू आल्या आणि त्यांच्या किमती रुपयांत अशा आहेत: २६०, २९०, ३२०, ३४०, ३६०, ४२०, ४८०, ५६०, ६४०, ९५०, १,२५० आणि ९,५००. शेवटचा घाऊक गिऱ्हाइकासाठीचा डबा आहे.

पहिल्यांदा सुचते ते असे की सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त किंमत घ्यावी, मधल्या अंतराचे पाच सारखे भाग करावेत. २६० ते ९,५०० हे अंतर ९,२४०. त्याचा पाचवा भाग १,८४८. म्हणजे पहिला टप्पा २६० ते २,१०८. बारापैकी अकरा वस्तू त्यात, मधले तीन टप्पे मोकळे, शेवटच्यात तो एकटा डबा. एका डब्याने अख्खा फिल्टर निकामी केला. टप्पे ‘आपोआप’ पाडणारी जी संकेतस्थळे फसतात ती बहुधा इथेच, कारण किमती कधीच सारख्या अंतराने पसरलेल्या नसतात. खालच्या बाजूला दाटी आणि वर लांब शेपूट, असाच बाजार असतो.

त्यापेक्षा किमती चढत्या क्रमाने लावाव्यात आणि वस्तूंची संख्या सारखी वाटावी. बारा वस्तू, चार टप्पे, म्हणजे प्रत्येकी तीन. पहिली सीमा ३२० आणि ३४० यांच्या मध्ये, म्हणजे ३३०. दुसरी ४२० आणि ४८० यांच्या मध्ये, ४५०. तिसरी ६४० आणि ९५० यांच्या मध्ये, ७९५. आता तो घाऊक डबा शेवटच्या टप्प्यात गुमान बसतो आणि कोणाला त्रास देत नाही. संख्याशास्त्रात याला पर्सेंटाइलने भाग पाडणे म्हणतात. २५ वा पर्सेंटाइल म्हणजे ज्या किमतीच्या खाली शेकडा २५ वस्तू येतात ती किंमत. इथे २५, ५० आणि ७५ वा पर्सेंटाइल घेतला.

पण ‘३३० ते ४५०’ आणि ‘४५० ते ७९५’ असे आकडे दुकानाच्या पाटीवर कोणी लिहीत नाही. माणूस शंभरात, पन्नासात विचार करतो. म्हणून सीमा जवळच्या गोल आकड्यावर न्यायची. १०० ते ५०० च्या दरम्यान ५० च्या पटीत, ५०० ते १,००० मध्ये १०० च्या, १,००० ते ५,००० मध्ये ५०० च्या आणि ५,००० ते १०,००० मध्ये १,००० च्या पटीत, हा नियम बहुतेक मालाला पुरतो. वर जाताना हाच क्रम दहापटीने वाढवायचा. आपल्या उदाहरणात ३३० चे ३५० होतात, ४५० तसेच राहतात, ७९५ चे ८०० होतात. टप्पे झाले असे: ३५० च्या आत ४ वस्तू, ३५० ते ४५० मध्ये २, ४५० ते ८०० मध्ये ३, ८०० आणि वर ३. वाटणी आता काटेकोर सारखी नाही, पण एकही टप्पा रिकामा नाही आणि आकडे वाचता येतात.

गोल करताना दोन सीमा एकाच आकड्यावर येऊ शकतात. मग त्या टप्प्यांची एकी करायची. ‘५०० ते ५००’ असा टप्पा दाखवायचा नाही. निकाल आठ-दहापेक्षा कमी असतील तर टप्पे दाखवूच नयेत, माणूस तेवढी यादी डोळ्यांनी पाहतो. सगळ्या वस्तूंची किंमत एकच असेल तरीही तेच. सारख्या अंतराच्या पद्धतीत तर तिथे अंतर शून्य निघते आणि त्या शून्याने भागायला गेले की पान कोसळू शकते.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. नुसती सारखी संख्या वाटून भागत नाही, किमतींमधली मोकळी जागाही पाहावी लागते. हॉस्टेलमधल्या खाटा ६५०, ७००, ८००, ८५० ला आहेत आणि त्यानंतर एकदम २,२०० च्या खोल्या सुरू होतात, अशा वेळी संख्येच्या हिशेबाने सीमा ८०० वर पडली तर ८०० आणि ८५० च्या खाटा खोल्यांच्या टप्प्यात जाऊन बसतात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने खरी सीमा ८५० आणि २,२०० यांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात आहे. तिथे १,५०० हा आकडा शोभतो. म्हणून पर्सेंटाइलने काढलेल्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या दोन-चार किमती पाहाव्यात, त्यांत सर्वांत मोठी फट कुठे आहे ते शोधावे आणि सीमा त्या फटीत सरकवून मग गोल करावी. नकाशे रंगवताना आकड्यांचे असे नैसर्गिक गट पाडण्याची पद्धत जेंक्स या नकाशाशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. ती पूर्ण राबवण्याची गरज छोट्या दुकानाला नाही. फट पाहण्याची ही साधी युक्ती पुरते.

आता टप्पे नेमक्या कोणत्या निकालांवरून पाडायचे? इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, पानावर दिसणाऱ्या वीस वस्तूंवरूनच हिशेब करणे. निकाल तीनशे असतील तर तीनशेंवरून करायला हवा, नाहीतर दुसऱ्या पानावर गेल्याबरोबर टप्पे बदलतात. दुसरी, शोधाशी लांबचा संबंध असलेला माल हिशेबात घेणे. ‘पोहे’ शोधल्यावर पोहे करण्याचे यंत्र पन्नासाव्या क्रमांकावर येत असेल तर त्याची किंमत टप्प्यांत शिरू नये. पर्सेंटाइल वापरल्यास हा धोका आपोआप बराच कमी होतो. तिसरी चूक सर्वांत वाईट. गिऱ्हाइकाने ‘३५० ते ४५०’ निवडले की उरलेल्या दोन वस्तूंवरून पुन्हा टप्पे पाडले जातात. मग त्याने निवडलेला टप्पाच गायब होतो आणि त्याच्या जागी ‘३६० ते ४२०’ येतो. बाकीच्या टप्प्यांसमोर शून्य दिसते, परत जायला वाट राहत नाही.

नियम असा: टप्पे आणि त्यांपुढच्या संख्या काढताना शोधाचे शब्द आणि इतर सगळे फिल्टर (तालुका, वाण, तारीख, माल शिल्लक आहे की नाही) लावायचे, फक्त किमतीचा फिल्टर लावायचा नाही. वस्तूंची यादी दाखवताना मात्र किमतीचाही लावायचा. इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रात यासाठी पोस्ट फिल्टर नावाची सोय आहे. किमतीची अट तिथे ठेवली की ती मोजणी झाल्यानंतर लागू होते. पण पोस्ट फिल्टर सगळ्याच मोजण्यांनंतर लागतो. म्हणून तालुक्यापुढच्या आणि वाणापुढच्या संख्यांना किमतीची अट त्यांच्या मोजणीत वेगळी लावावी लागते, नाहीतर त्या संख्या फुगलेल्या दिसतात. सोलर या दुसऱ्या शोधयंत्रात अटीला खूण लावून मोजणीत ती वगळता येते. गिऱ्हाइकाची निवड पानाच्या पत्त्यात ‘टप्पा क्रमांक २’ अशी न ठेवता ‘३५० पासून ४५० पर्यंत’ अशी आकड्यांत ठेवावी. क्रमांक ठेवला तर उद्या टप्पे बदलल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तोच दुवा भलताच माल दाखवतो.

यंत्राचे काम दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत पर्सेंटाइल मागवायचे, मग आपल्या प्रोग्रॅममध्ये सीमा सरकवून गोल करायच्या, आणि दुसऱ्या फेरीत त्या सीमांनुसार मोजणी व वस्तूंची यादी एकत्र मागवायची. इलॅस्टिकसर्चचे पर्सेंटाइल मुळात अंदाजी असतात, पण आपण ते गोलच करणार असल्याने बिघडत नाही. नेहमीच्या शोधांचे टप्पे पाच-दहा मिनिटे साठवून ठेवले तर पहिली फेरी वाचते. आणि खरे सांगायचे तर गोव्यातल्या बहुतेक दुकानांना इलॅस्टिकसर्च लागतच नाही. दोन-पाच हजार वस्तूंच्या यादीला पोस्टग्रेस हा डेटाबेस पुरेसा आहे. त्यातल्या पर्सेंटाइल कॉन्ट या फंक्शनला ०.२५, ०.५, ०.७५ एकदम देऊन तिन्ही सीमा एकाच क्वेरीत, म्हणजे एकाच विचारणेत, मिळतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हे फंक्शन नाही, तिथे आठव्या आवृत्तीपासून असलेले एनटाइल हे फंक्शन वापरून सारखे भाग पाडता येतात. सर्व्हरचे जास्तीचे भाडे भरण्याआधी दुकानदाराने आपल्या माणसाला हा प्रश्न जरूर विचारावा.

सीमेवरच्या वस्तूचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तक्रारी तिथूनच येतात. नेमक्या ४५० रुपयांची वस्तू कोणत्या टप्प्यात? एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतले ‘बिटवीन’ (दरम्यान) दोन्ही टोके धरते, त्यामुळे ती दोन्ही टप्प्यांत मोजली जाते आणि बेरीज एकूण संख्येपेक्षा जास्त भरते. ते टाळायला ‘३५० ते ४४९’ आणि ‘४५० ते ७९९’ असे लिहिले तर ४४९ रुपये ५० पैशांची वस्तू दोन्हींच्या मधल्या भेगेत पडते आणि कुठल्याच टप्प्यात दिसत नाही. योग्य रीत एकच: खालचे टोक धरायचे, वरचे सोडायचे. इलॅस्टिकसर्चची टप्प्यांची मोजणी अशीच चालते. किंमत मात्र पैशांत, पूर्णांकात साठवावी, म्हणजे ४४९.५० ऐवजी ४४९५०. अपूर्णांकात साठवलेल्या किमतींवर टक्के लावले की शेवटचा पैसा हलतो आणि सीमेवरची वस्तू उगाच इकडून तिकडे जाते. किंमत मजकूर म्हणून साठवणे तर अगदीच घातक, तिथे १,००० हा आकडा २०० च्या आधी लागतो.

किंमतच नसलेल्या वस्तूही असतात. मानकुराद अजून बाजारात यायचा आहे, विक्रेत्याने ‘भाव विचारा’ लिहून ठेवले आहे. प्रोग्रॅम अशा रिकाम्या जागेला शून्य समजला की तो आंबा सर्वांत स्वस्त टप्प्यात पहिला दिसतो. आणि हंगामाच्या तोंडावर याच मानकुरादचा डझन काही हजारांना जातो! अशा वस्तू हिशेबातून बाजूला काढून ‘भाव विचारा’ असा वेगळा पर्याय द्यावा.

मापाचा प्रश्न आपल्याकडे जास्त अवघड आहे. वरच्या काजूगरांतले २६० चे पाकीट पाव किलोचे आणि ९५० चे एक किलोचे असेल तर किलोला पहिले १,०४० पडते, म्हणजे ‘स्वस्त’ टप्प्यातला माल खरे तर महाग. आवेष्टित मालावर एकक विक्री किंमत, म्हणजे एका मापामागे पडणारा दर, छापणे वैधमापनाच्या नियमांनी बंधनकारक आहे. मग तीच माहिती संकेतस्थळावर भरून ‘किलोमागे दर’ असा दुसरा फिल्टर देता येतो. एकाच फिल्टरमध्ये पाकिटाची किंमत आणि किलोचा दर मिसळू नये. पण सगळेच किलोवर आणण्याचा अट्टहासही नको. मानकुराद डझनावर विकतो आणि फळ लहान-मोठे असते. नारळ नगावर, अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) किलोवर, माटोळीची फळे घोसावर किंवा वाट्यावर. डझनाचे मनाने किलो करून दाखवलेला दर खोटा ठरतो. जिथे माप वेगळे तिथे टप्पेही वेगळे काढावेत. चतुर्थीच्या आधी ‘माटोळी’ शोधणाऱ्याला आधी ‘घोस’, ‘नग’, ‘वाटा’ यांतून निवडू द्यावे आणि मग त्या मापाचे टप्पे दाखवावेत.

खोल्यांकडे वळतो, कारण गोव्यात सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त घोळ तिथे आहे. पहिला घोळ एका हॉटेलात अनेक प्रकारच्या खोल्या असण्याचा. समजा, एका हॉटेलात ३,५०० ची साधी खोली आणि १२,००० ची समुद्राकडची खोली आहे. प्रोग्रॅमने हॉटेलची कमीत कमी आणि जास्तीत जास्त किंमत तेवढी साठवली आणि गिऱ्हाइकाने ५,००० ते ८,००० मागितले, तर ३,५०० ही ८,००० पेक्षा कमी आणि १२,००० ही ५,००० पेक्षा जास्त म्हणून हॉटेल निकालात येते. प्रत्यक्षात त्या टप्प्यात त्यांची एकही खोली नाही. प्रत्येक खोलीची स्वतंत्र नोंद ठेवून तिच्यावर अट लावणे हा यावरचा इलाज. आणि यादीत हॉटेलच्या नावाखाली जी किंमत दाखवायची ती अटीत बसलेल्या खोलीची हवी. ८,००० ते १५,००० मागणाऱ्याला ‘३,५०० पासून’ असे दाखवले तर फिल्टर बिघडला असेच त्याला वाटेल.

दुसरा घोळ तारखांचा. खोलीला ‘एक’ किंमत नसते. जुलैतल्या मंगळवारची आणि ३१ डिसेंबरची खोली तीच असली तरी भाव वेगळा. तारीख न विचारता दाखवलेले टप्पे म्हणजे वर्षभराच्या सरासरीचे टप्पे, ते कोणत्याच दिवशी खरे नसतात. आधी तारखा घ्याव्यात, त्या तारखांना मोकळ्या असलेल्या खोल्यांची एका रात्रीची सरासरी काढावी आणि तिच्यावर टप्पे पाडावेत. एका रात्रीचे की सगळ्या मुक्कामाचे, हे फिल्टरच्या शीर्षकातच लिहावे.

तिसरा घोळ कराचा, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर १८ टक्के. ७,५०० च्या खोलीचे करासह ७,८७५ होतात. ७,५०१ च्या खोलीचे ८,८५१. म्हणजे जीएसटी लागू असलेल्या खोल्यांमध्ये करासह ७,८७६ ते ८,८५० या पट्ट्यात खोली असूच शकत नाही. ज्याने ‘८,००० ते ८,५००’ असा टप्पा हाताने लिहून ठेवला असेल तो कायम रिकामा राहील. याआधी खालचा दर १२ टक्के होता तेव्हा ७,५०० चे ८,४०० होत, त्यामुळे ही फट लहान होती. दर बदलला आणि ती एका रात्रीत रुंदावली. निकालांवरून टप्पे पाडणारा आणि फट पाहून सीमा सरकवणारा फिल्टर हे कोणी न सांगता सांभाळतो, सीमा आपसूक ८,००० वर येऊन बसते.

पण टप्पे कोणत्या किमतीवर, करासह की कराविना? करासहच, यात आम्हाला शंका नाही. ‘७,५०० च्या आत’ निवडणाऱ्याच्या खिशात ७,५०० आहेत. त्याला ७,४०० ची खोली दाखवून शेवटच्या पानावर ७,७७० मागितले तर फिल्टरने त्याला फसवले. त्यावर सेवाशुल्क, सफाईचा आकार असे काही सक्तीचे असेल तर तेही त्याच आकड्यात हवे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याने सर्व आकार व कर धरून एकूण किंमत एकाच आकड्यात, तपशिलासह दाखवायची असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांचे तेरा प्रकार दिले आहेत. किमतीचा काही भाग आधी दडवून शेवटी उघड करणे हा त्यांतला एक. नियमाचे शब्द फिल्टरबद्दल काही म्हणत नसले तरी शोधणारा माणूस किंमत पहिल्यांदा ‘बोलतो’ ती फिल्टरमध्येच. ग्राहकांनी अशी तफावत दिसल्यास दोन्ही पानांची छायाचित्रे ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी.

किंमत हाताने टाकण्याच्या चौकटीबद्दल मराठी वाचकांना खास सांगण्यासारखे आहे. आपल्या कळफलकावरून ५०० असे देवनागरीत लिहिले तर जावास्क्रिप्टला (पानाचा प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहितात तिला) तो आकडा कळतच नाही. १,२०० असा इंग्रजी आकड्यांत पण स्वल्पविरामासह लिहिला तर मजकुरातून आकडा काढणारे पार्सइंट हे फंक्शन स्वल्पविरामापाशी थांबते आणि एक रुपया धरते. गिऱ्हाईक म्हणते ‘१,२०० पर्यंत दाखव’, यंत्र म्हणते ‘काही मिळाले नाही’. आधी देवनागरी अंक बदलून घ्यावेत, मग स्वल्पविराम, रुपयाची खूण आणि मोकळ्या जागा काढाव्यात आणि त्यानंतरच संख्या करावी. वीस ओळींचेही काम नाही. ‘पासून’चा आकडा ‘पर्यंत’पेक्षा मोठा आला तर मुकाट्याने अदलाबदल करावी, लाल अक्षरांत रागवू नये.

सरकपट्टी, म्हणजे स्लायडर, दिसायला देखणी असते, पण छोट्या पडद्यावर बोटाखाली आकडाच झाकला जातो. शिवाय दाटी खालच्या किमतींत असल्यामुळे सरळ मोजपट्टीवर ३०० आणि ६०० यांच्यात केसाएवढे अंतर उरते. ठेवायचीच असेल तर तिची वरची मर्यादा ९५ व्या पर्सेंटाइलवर ठेवून पुढे ‘आणि वर’ लिहावे, आणि बोट उचलल्यावरच सर्व्हरकडे विचारणा पाठवावी. बोट हलताना दर पावलाला विचारणा गेली तर सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात, जिथे नेटवर्क रडतखडत चालते, पान गोठून जाते. आमचे मत विचाराल तर टप्प्यांची साधी बटणे आणि खाली आकडा टाकायच्या दोन चौकटी याहून जास्त काही लागत नाही.

आणखी एक दुखणे म्हणजे शिळी किंमत. दुकानदाराने सकाळी भाव बदलला, मूळ नोंदीत तो बदललाही, पण शोधासाठी केलेली अनुक्रमणिका रात्रीच ताजी होते. दिवसभर फिल्टर कालच्या भावाने चालतो आणि वस्तूच्या पानावर आजचा भाव दिसतो. आंब्याच्या, भाजीच्या, मासळीच्या बाबतीत हे चालणार नाही. भाव बदलताच त्या एका वस्तूची नोंद अनुक्रमणिकेत बदलली पाहिजे. सवलत असेल तर छापील किंमत नव्हे, प्रत्यक्ष द्यावी लागणारी किंमत तिथे जायला हवी.

सरकारी खाती आणि सहकारी संस्था स्वयंसाहाय्य गटांच्या मालासाठी किंवा पर्यटनासाठी संकेतस्थळे बांधून घेतात तेव्हा निविदेत ‘किमतीचा फिल्टर असावा’ एवढी एक ओळ घालून चालणार नाही. काम ताब्यात घेण्याआधी करायच्या चाचण्या तिथेच लिहाव्यात, असे आमचे कळकळीचे सांगणे आहे. सगळ्या टप्प्यांपुढच्या संख्यांची बेरीज, ‘भाव विचारा’ धरून, एकूण निकालांएवढी भरते का? टप्प्यापुढे १७ लिहिले असेल तर दाबल्यावर सतराच वस्तू येतात का? नेमक्या सीमेवरची वस्तू एकदाच येते का? टप्पा निवडल्यावर बाकीच्या टप्प्यांच्या संख्या जागच्या जागी राहतात का? तालुका बदलल्यावर त्या बदलतात का? निवडलेल्या खोलीची शेवटच्या पानावरची रक्कम त्याच टप्प्यात बसते का? हे तपासायला अभियंता लागत नाही. मोबाइल आणि अर्धा तास असला की कोणीही कारकून तपासू शकतो.

संकेतस्थळ आधीच बांधून झाले आहे आणि आतले काही माहीत नाही, अशा मालकानेही एक करून पाहावे. आपल्याच पानावर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या तारखा टाकून खोल्यांच्या किमतीचे टप्पे कागदावर उतरवून घ्यावेत, मग जुलैतल्या मधल्या वारांच्या तारखा टाकून पुन्हा उतरवावेत. दोन्ही कागदांवर तेच आकडे आले तर ते टप्पे बहुधा कोणीतरी हाताने लिहून ठेवलेले आहेत. ते दोन्ही कागद बांधणाऱ्यापुढे ठेवून दुरुस्ती मागावी.

आपले,
संकेतस्थळांच्या शोधव्यवस्थेचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
फोंडा, गोवा